थंडी विकणाऱ्याचा हिवाळा

बाबा, तुम्ही उभ्या जन्मात एक हिवाळा उन्हाला पाठ देऊन बसले नाही, आणि मी यंदाचा अख्खा हिवाळा एका कुत्र्याच्या मागे फिरण्यात घालवला. हे तुम्हाला सांगावं असं काही दिवसांपासून वाटतं आहे. दुपार आहे, शेडमध्ये एकटाच बसलो आहे. पत्रा अजून यायचा आहे, कारागीर पुढच्या आठवड्यात येतील, आणि एकदा कूलरचं काम सुरू झालं की मृग लागेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. पूर्वी या रिकाम्या दिवसांत माझे हात शिवशिवायचे. आता नाही. आता बसलेलं बरं वाटतं, उठताना गुडघ्यावर हात टेकवावा लागतो. तुम्हाला अक्षर फार लागत नव्हतं; तुम्ही असते तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्यासमोर बसून वाचून दाखवण्यासारखं यात काही नाही. म्हणून लिहिणं सोपं जातं आहे.

सावनेरला होतो तेव्हा तुमचं वर्ष माझ्या आताच्या वर्षाच्या उलट चालायचं. दिवाळी झाली की कापसाचं जिनिंग सुरू, ते पार उन्हं तापेपर्यंत. उन्हाळ्यात तुम्ही मिळेल ते काम करायचे, नाहीतर बाजेवर पडून राहायचे. पुढे मी नागपूरला येऊन कूलरच्या धंद्यात पडलो आणि माझा उन्हाळा गेला. तुम्ही मोकळे तेव्हा मी पत्रा कापतो आहे, मी मोकळा तेव्हा तुम्ही कापसात. दोघांना एकाच वेळी सवड कधी मिळालीच नाही. मिळाली असती तर काय बोललो असतो, हा प्रश्न वेगळा. तुम्ही पहाटे दुपट्टा कानाभोवती गुंडाळून निघायचे. जिनिंगच्या फाटकावर चौकीदार बिड्या आणि काडीपेटी काढून घ्यायचा, कारण आत घराएवढ्या उंच कापसाच्या गंज्या, एक ठिणगी पडली की सगळं खलास. त्यामुळे आवारात कुठेही विस्तव नाही. लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस तुमच्या अंगाखांद्यावरून जायचा आणि तुम्ही काखेत हात घालून उभे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बारीक पांढरी लव बसलेली असायची. माय ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि तुम्ही लहान मुलासारखे डोळे मिटून घ्यायचे. विस्तवाची धास्ती तुमच्या इतकी अंगात मुरली होती की गल्लीत कुणी शेकोटी पेटवली तरी तुम्हाला चैन पडायचं नाही. लोक उठून गेले की तुम्ही जाऊन निखारे चपलेनं चिरडून यायचे. गल्लीतली पोट्टी तुम्हाला फायर ब्रिगेड म्हणायची. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही.

मी जिनिंगला यावं असं तुमच्या मनात होतं. मी आलो नाही. भंगारातल्या जळक्या पंख्याच्या मोटारी उघडून, तार कशी गुंडाळली आहे ते बघून बघून मी वाइंडिंग शिकलो. पत्र्याचं माप, पंप किती उंचीवर पाणी चढवतो, खिडकीला कोणता पंखा लागतो, हे मला कोणी शिकवलं नाही. इंग्रजीसुद्धा मी मोटारीच्या डब्यांवर छापलेलं वाचून शिकलो. हे मी आजही छाती काढून सांगतो. बायको म्हणते, आता पुरे, लोकाईले ऐकून ऐकून पाठ झालं. मी पहिला कूलर बनवून तुम्हाला दाखवायला सावनेरला आणला तेव्हा तुम्ही त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोट वाजवलं आणि मायला म्हणाले, “आता हा लोकाईले थंडी विकनार.” जन्मभर थंडीनं काकडलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा राग आला होता.

तर कुत्रा. नाव लिहीत नाही, पोरीनं इंग्रजी नाव ठेवलं आहे आणि तुमच्या तोंडी ते बसलं नसतं. पिवळट रंगाचा, जाड मानेचा, लॅब्राडोर जातीचा. पोरीनं कॉलेजात असताना आणला आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगलोरला जाताना आमच्याकडे सोडून गेली, कारण तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं की तुला दुसरं घर मिळेपर्यंत ठेवतो, पुढे एक दिवस नाही. तेव्हा ते खरंच तसं होतं. मला कुत्र्यांची काही आवड नव्हती. पण एक गोष्ट हाती आली की ती अर्धवट शिकणं मला जमत नाही. त्याचे कान कसे साफ करायचे, नखं कुठपर्यंत कापायची, जेवणानंतर किती वेळ पळू द्यायचं नाही, हे सगळं मी वाचून, बघून, हातानं करून शिकलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कुत्र्याचे कान इतके स्वच्छ क्वचित दिसतात. मी घरी येऊन ते बायकोला सांगितलं.

तुम्हाला आठवत असेल, मीही लहानपणी एकदा एक पिल्लू घरी आणलं होतं. असंच थंडीचं, शर्टात गुंडाळून. तुम्ही ते बघितलं आणि म्हणाले, “काहून आनलं बे हे? इथं मानसाले पांघरून नाही पुरत.” दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पोत्यात घालून घेऊन गेले आणि संध्याकाळी रिकामं पोतं घेऊन आले. मी रडलो, तुमच्याशी बोललो नाही, तुमच्या ते लक्षातही आलं नसावं. पुढे महिन्याभरानं मायनं मला तुमचा डबा घेऊन जिनिंगला पाठवलं. फाटकातून बघतो तर तुम्ही सरकीच्या ढिगाशी उकिडवे बसलेले. ढिगात एक खळगा केलेला, त्यात ते पिल्लू, चांगलं गुबगुबीत झालेलं, आणि तुमचे दोन्ही हात त्याच्या पोटाखाली. जिथे शेकायला काडी पेटवता येत नव्हती तिथे तुम्ही हात शेकत होते. तुमचा चेहरा मी तसा घरी कधी बघितला नव्हता. मी डबा चौकीदाराकडे दिला आणि परत आलो. तुम्ही घरी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

नागपूरचा उन्हाळा त्या कुत्र्याला सोसत नाही, हे खरं आहे. मे महिन्यात तो दिवसभर कूलरच्या तोंडाशी पडून असायचा, जीभ फरशीला टेकलेली. मी त्याच्यासाठी एक वेगळा कूलर केला, बुटका, हवा जमिनीलगत जाईल असा. तरी तो हाशहुश करायचा. आणि थंडी पडली की तेच जनावर वेगळं. सकाळी पारा दहाच्या आसपास आला की साहेब दारात येऊन उभे, शेपटी दारावर आपटत. आमची ही थंडी म्हणजे काही बर्फाची नाही, दहा-अकरा वाजले की स्वेटर काढावाच लागतो. पण दोघांना पुरेशी होती.

दिवाळीत पोरीचा फोन आला. तिला अंगण असलेलं घर मिळालं होतं, घरमालक चांगला होता, संक्रांतीला येते आणि त्याला घेऊन जाते म्हणाली. मी म्हटलं, इथंही तो बरा आहे, घाई नाही. तर ती म्हणाली, “पप्पा, मे महिन्यात तुम्हीच सांगून राहिले होते ना, तो कूलरसमोरून उठत नाही म्हणून. इथं पंखासुद्धा लागत नाही. काहून त्याले तिथं भाजत ठेवायचं?” बाबा, एवढी वर्षं मी या शहराला थंडी विकली. माझ्या कूलरला नावं ठेवणारा माणूस अजून भेटला नाही. पण त्या जनावराला तो पुरला नाही. मी म्हटलं, ये. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, सांगून द्या ना तिले, ठेवतो म्हणून. मी म्हटलं, शब्द दिला होता. ती म्हणाली, “शब्द पोरीले दिला. त्या मुक्याले कोनी विचारलं?” मी उठून शेडमध्ये आलो.

मग मी ठरवलं की हा हिवाळा त्याचा. पहिली गोष्ट केली ती चुकली. मी त्याच्यासाठी घर बांधलं, उत्तम जस्ती पत्रा, कोपरे घासून गोल केलेले, छताला उतार, आत कूलरच्या ताटीत भरतो ते गवत अंथरलेलं. एक काम म्हणून बघाल तर खोट काढता येणार नाही. पहाटे बघतो तर कुत्रा बाहेर, पाठ ओली. रात्रीत पत्रा गारठायचा आणि त्याच्या श्वासाची वाफ छताला लागून थेंब थेंब त्याच्याच अंगावर पडायची. गवतही भिजलेलं. म्हणजे मी बिनमोटारीचा कूलरच बनवला होता. शेजारचा इस्त्रीवाला येऊन वाकून बघून गेला आणि म्हणाला, “भाऊ, बाकी झकास आहे, पण यात पानी कुठून टाकाचं?” ते आठवडाभर चौकात चाललं. तुम्ही असते तर तुम्हीही हसले असते. तुम्हाला पत्रा आणि कापूस यातला फरक सांगावा लागला नसता. शेवटी बायकोनं आतल्या खोलीत एक जुनी गादी टाकली आणि तो तिच्यावर असा पसरला की जणू तिथेच जन्मला.

सकाळी आम्ही गोरेवाड्याच्या रस्त्यानं जायचो. धुकं असं नाही, पण तलावाच्या बाजूनं एक ओलसर पांढरट पट्टा असतो, त्यात तो घुसायचा आणि नुसती शेपटी दिसायची. परतताना पोह्याच्या ठेल्यावर थांबायचो. मला तर्री-पोहे, त्याला काही नाही; तर्रीचा वास घेऊन तो शिंकायचा आणि ठेलेवाला रोज म्हणायचा, याला झोंबते बरं साहेब, सावजी तिखटाचा नाही हा. रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या गाड्या लागतात. मी एक घेऊन सोलायचो, बिया काढून फोड द्यायचो. फोड चावल्यावर त्याचं तोंड आंबट व्हायचं, डोळे मिटायचे, आणि लगेच दुसऱ्या फोडीसाठी पंजा माझ्या गुडघ्यावर. नेमका त्याच दुखऱ्या गुडघ्यावर. मी त्याला सांगायचो, अरे दुसऱ्यावर ठेव. लोक बघायचे. मला पूर्वी लोकांनी बघितलेलं आवडायचं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला साळ्यानं नरखेडकडच्या त्याच्या संत्र्याच्या मळ्यात रोडग्याचं जेवण ठेवलं. टेम्पोच्या मागच्या बाजूला मी आणि कुत्रा, पुढे बायको. मळ्यात गेल्यावर तो झाडांच्या ओळींतून इतका पळाला की पडलेली संत्री चिरडून त्याचे पाय चिकट झाले. साळ्यानं गोवऱ्यांचा हार रचून पेटवला, रोडग्यांसाठी कणकेचे गोळे निखाऱ्यात टाकले, पलीकडे वांग्याची भाजी रटरटत होती. थंडी चांगली होती, सगळे विस्तवाभोवती सरकले. मी लांबच बसलो. मला कळत होतं की ही माझी सवय नाही, तुमची आहे. एवढी वर्षं झाली, मी कापसाच्या जवळ राहत नाही, तरी ठिणगी उडाली की माझा पाय आपोआप पुढे होतो. साळा म्हणाला, “भाऊजी, जवळ या ना गा, तुम्ही काही नवरदेव नाही रुसून बसाले.” सगळे हसले. मी जागचा हललो नाही. कुत्रा दमून येऊन माझ्या पायाशी पडला. बोटं गारठली होती. मी दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले. ते भलतं गरम असतं, बाबा. तुम्हाला माहीतच होतं. मी बराच वेळ तसाच बसलो. बायकोनं ताट वाढलं, रोडगा तुपात बुडवून दिला, आणि ताट माझ्या हाताशी ठेवून विस्तवाकडे परत गेली.

पोरगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी आली. त्या दिवसांत गल्लीत मांजा लोंबत असतो, कुत्र्याच्या पायात, मानेत अडकतो, म्हणून मी त्याला बाहेर नेत नव्हतो. आम्ही तिघं आणि तो गच्चीवर उन्हात बसलो होतो. चारी बाजूंनी पोट्ट्यांचा ओरडा, डोक्यावर पतंग. तो एकदा तिच्याकडे जायचा, एकदा माझ्याकडे, आणि मग मधे बसायचा. पोरीनं त्याच्या अंगावरून हात फिरवला, कान उलटून बघितले आणि म्हणाली, किती नीट ठेवलं तुम्ही याला. बायको खाली तिळगूळ आणायला गेली, मुद्दामच गेली. तेव्हा पोरगी म्हणाली, “पप्पा, तुम्हाले काही म्हणायचं आहे का?”

ती विचारत होती हे मला समजलं. राहू दे म्हटलं असतं तर तिनं तो इथेच ठेवला असता, हेही समजलं. तिच्या आवाजात तेवढी जागा होती. मला तो कूलरसमोर पडलेला दिसला, जीभ फरशीला टेकलेली. आणि दुसरं असं की मागायचं कसं हे मला येत नाही. सगळं शिकलो, तेवढं राहिलं. मी म्हटलं, काही नाही, तुझाच आहे, आणि मलाही आता सीझन सुरू होईल, कोण बघणार याला. ती बरं म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर गेली आहे.

स्टेशनवर पार्सल ऑफिसात त्याचं वजन करायचं होतं. काट्यावर तो स्थिर उभा राहीना, थरथरत होता, दर वेळी उतरायचा. शेवटी तिथल्या माणसानं सांगितलं, तुम्ही चढा त्याच्यासोबत. मी चढलो, त्याला छातीशी धरलं, काटा थांबला. मग तो माणूस म्हणाला, आता एकटे उभे राहा, तुमचं वजा करतो. मी त्याला खाली ठेवलं आणि एकटा उभा राहिलो. काटा सरकत खाली आला. पोरीनं दोन बर्थचा कूपे पूर्ण घेतला होता. गाडी हलली तेव्हा तो खिडकीत नव्हता, खाली बसला असेल. बायको म्हणाली, रिक्षा करू. मी म्हटलं, चालत जाऊ थोडं. ती माझ्या गुडघ्यांच्या बेतानं हळू चालली.

आता जे लिहायचं आहे ते थोडंच आहे. दोन दिवसांनी पोरीचा फोन आला. तो जेवत नव्हता. पाणी पितो, अंगणात जातो, पण ताटली समोर ठेवली की मान फिरवतो. ती रडवेली झाली होती. आणि मला, बाबा, आतून बरं वाटलं. चांगलं वाटलं म्हटलं तरी चालेल. मी आवाज नीट ठेवून तिला सगळं सांगितलं: पोळी कोमट पाण्यात कुस्करायची, ताटली भिंतीच्या कडेला ठेवायची, वर दही एक चमचा, त्याहून जास्त नाही, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. तिनं लिहून घेतलं. बायको बाजूला उभी राहून ऐकत होती आणि मान हलवत होती की हो, असंच, असंच.

पण एक गोष्ट राहिली. ती इथल्या कोणालाच ठाऊक नाही, कारण त्याचं जेवण मी नेहमी शेडमध्ये घालायचो. दोन वर्षांपूर्वी पोरगी गेली तेव्हाही तो असाच उपाशी बसला होता. तेव्हा मला ते सापडलं होतं. त्याच्याशेजारी खाली फरशीवर मांडी घालून बसायचं आणि आधी आपण एक घास खायचा, त्याच्याच पोळीतला, त्याला दिसेल असा. मगच तो तोंड लावतो. तेवढं केल्याशिवाय लावत नाही. दह्याचा चमचा सांगताना ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, मी अशी गोष्ट विसरत नाही. फोन ठेवला, शेडमध्ये येऊन एका जुन्या मोटारीची तार उगाच सोडवत बसलो. तिकडे पोरगी वाकून वाकून त्याला बोलवत असेल, हे दिसत होतं. तो माझ्या वाटेकडे बघतो आहे, असं स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ते घासाचं सांगितलं. तासाभरात तिचा फोन, जेवला पप्पा, ताटली चाटून साफ केली. मी म्हटलं, चला, बरं झालं. बायकोनं देवापुढे साखर ठेवली.

म्हणजे त्या जनावराचा एक दिवस उपाशी गेला तो माझ्यामुळे, आणि मला तो दिवस हवा होता. हे मी पोरीला सांगणार नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही ऐकून घ्यायचे आणि पुढे काही विचारायचे नाही.